दोन नावांचा समुद्र

"आधी अर्जावर समुद्राचं नाव लिहा, मगच पाण्यात उतरा," पूर्वेकडच्या देशाचा पंच म्हणाला.

"लिहा, पण आमचं नाव," पश्चिमेकडच्या पंचानं कागद ओढला.

मालवणची मृण्मयी अंगाला ग्रीस फासून किनाऱ्यावर उभी होती. समोरचं चौतीस किलोमीटर पाणी आजवर एकाही बाईनं पोहून पार केलं नव्हतं. दोन्ही देश त्याला आपापल्या नावानं ओळखत आणि त्यावरून पिढ्यानपिढ्या भांडत.

"सर, ओहोटी लागली. आत्ता नाही निघाले तर गेलं सगळं!" ती प्रशिक्षकांना म्हणाली.

खोबरेकर सर पंचांकडे वळले. "नावाची जागा कोरी ठेवा. तुम्ही बोटीत बसून भांडा, पोरगी पोहेल."

तोवर ती पाण्यात शिरलीसुद्धा.

आठव्या तासाला तिच्या पोटरीत गोळा आला. हात थांबले, प्रवाह मागे ओढू लागला. बोटीला नुसता हात लावला असता तरी सगळं बाद ठरलं असतं. तेवढ्यात सकाळपासून अबोला धरलेले दोघे पंच बोटीच्या कडेवर वाकून एकदमच आपापल्या भाषेत ओरडू लागले. तिला एक शब्द कळला नाही, पण म्हणणं कळलं. तिनं पाय झाडला, पुन्हा झाडला, आणि हात चालू लागले.

सूर्यास्ताआधी तिचे पाय पलीकडच्या वाळूला लागले. पंचांनी एकमेकांना मिठीच मारली. दोन्हीकडचे वार्ताहर माइक घेऊन धावले.

"कोणता समुद्र पोहून आलात?"

धापा टाकत, हसत मृण्मयी ओरडली, "अख्खा!"