उपकाराचं नाव

२०२४ साली किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे जगन्नाथ मेतर लोकसभेला अपक्ष उभे राहिले. एलईडी दिवे लावून मासे उपसणाऱ्या बोटी बंद करा, एवढीच त्यांची मागणी. भावकीतली शेवंती घरोघर सांगत फिरली, "भावजींकच मत घाला गो. माज्या घोवाक तेंनीच दर्यातसून ओढून काढल्यांनी." त्या उपकाराखातर तिने लेकाचं नावही जगन्नाथच ठेवलं होतं.

यादी लागली, तर उमेदवारांत दोन जगन्नाथ मेतर. मतं फोडायला बोटवाल्यांनी तिच्या लेकालाच उभं केलं होतं.

"ह्या काय केलंस रे?"

"नाव काय मी चोरलंय, आये? तूच दिलंस मां."

मतं फुटली. भावजी हरले आणि परत रापण ओढायला लागले. लेकाला दिव्यांची बोट मिळाली.

 

शेवंती त्याला आता नावाने हाक मारत नाही.