दुष्काळाचा नाच

बहात्तरच्या दुष्काळात भिवंडीच्या पंढरी मास्तरांनी दुष्काळावरच नवी नृत्यनाटिका बसवायला घेतली. राहनाळचे तांदळाचे व्यापारी तुळशीराम शेठ पाठीशी उभे राहिले, म्हणून तो घाट जमला. कपडे, दिवे, वाजंत्री, सगळं शेठनी पुरवलं. नाचणाऱ्या पोरी जेवून येतात की नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पहिल्याच प्रयोगात, शेवटच्या नाचात, दिघाशीची मैना गरकन फिरली आणि कोसळली. लोकांना तो अभिनय वाटला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तिची आई रंगूबाई तेवढी पडद्यामागून धावली, कारण पोरीच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, हे तिलाच ठाऊक होतं.

शेठ डोळे पुसत आत आले.

"मास्तर, आनखी खेल लावा, खर्च माझा. पन या पोरीचं पडनं दर टायमाला असंच पायजे. रंगूबाय, खेलागनिक तुझे घरी तांदलाचं पोतं येल."

घरी आणखी धाकटी लेकरं होती. रंगूबाईनं शेठचे पाय धरले.

पुढच्या प्रयोगाच्या दिवशी घरभर भाताचा वास सुटला. मैना हात धुऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसली.



रंगूबाईनं तिच्या पुढ्यातलं ताट उचललं. "तू न्हाय, बाय. तू खेल झाल्यावर जेव."