डाव्या काठाची मोजणी

"तुम्ही व्हा पुढे, आलोच मी," रबरी सुटाच्या चेनशी झटापट करत लाइल म्हणाला.

"हा स्वतःच्या लग्नालाही उशिराच पोचणार!" क्लिफर्डमामा हसला, श्वासाची नळी तोंडात धरून पाण्यात आडवा झाला. रॉबर्टा त्याच्यामागे उतरली.

समुद्रातून नदी चढणारे सॅमन मासे तिघं मिळून मोजत. प्रवाहाबरोबर, पाण्यात तोंड घालून खालच्या पुलापर्यंत वाहत जायचं. मधून मामा, उजव्या काठानं ती, डाव्यानं मामाचा मुलगा लाइल. डोह आला की डोकं वर काढून आकडा ओरडायचा. मासे पुरेसे भरले तरच गावाला जाळी टाकायची परवानगी मिळे. गेल्या वर्षी ती मिळाली नाही; हिवाळ्यात तिच्या आईनं मासे धुरावर सुकवायच्या खोलीत चूलसुद्धा पेटवली नव्हती.

धुकं पाण्याला टेकलं होतं. काठ दिसत नव्हते.

पहिल्या डोहाशी ती ओरडली, "चाळीस!"

"पंचावन्न!" मामा.

डावीकडून सावकाश आवाज आला. "दोन."

"दोनच? डोळे उघड की, गाढवा!" मामा म्हणाला.

दुसऱ्या डोहात मासे तिच्या खांद्यांना घासून डावीकडे वळत होते. झुंडीच्या झुंडी. तरीही तिकडून आलं, "दोन."

आवाज घोगरा, ओला होता. नळी तोंडातच ठेवून बोलतोय, तिला वाटलं. इथं सगळ्या गावाचा हिवाळा टांगणीला आणि याला थट्टा सुचतेय! पुलाशी पोचू दे, बघतेच त्याला.

तिसऱ्या डोहात वाहून आलेले ओंडके अडकले होते. पाणी त्यांच्याखाली ओढ घेत होतं. ती काठाला धरून जपून पुढे सरकली.

"साठ!"

यावेळी मामाच्या आधीच आवाज आला. अगदी जवळून.

"एक."

मामानं आकडा सांगितला नाही. लाइलवर वैतागला असेल, असं समजून ती पुढे वाहत राहिली.

पुलाखाली धुकं विरळ होतं. लाइल गोट्यांवर बसून चहा पीत होता.

"दोन, दोन, एक!" पाण्यातून उठताउठताच ती कडाडली. "ही मोजणी झाली? लाज नाही वाटत?"

"कसली मोजणी?" तो गोंधळला. "अगं, चेन तुटली माझी. किती हाका मारल्या, तुम्ही दोघं गेलात निघून. मग गाडी घेऊन इकडे आलो. मी पाण्यात उतरलोच नाही."

बोलताबोलता त्यानं तिच्या पाठीमागच्या मोकळ्या नदीकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"रॉबी, बाबा कुठंयत?"