मडमेचं चौथं मांजर

“कोण्या अंगानं बसू, नीळू?” वामनरावांनी विचारलं आणि नीळकंठच्या हातातला कुंचला हातातच राहिला.

बुलढाण्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात वामनराव देशमुख ताठ उभे होते. जानेफळहून दोन मुक्काम करत बैलांच्या धमणीतून आले होते. ताजी हजामत, अंगात फक्त लग्नकार्याला निघणारी बाराबंदी, खांद्यावर उपरणं आणि डोक्यावर घराण्याचं लाल बांधीव पागोटं. बंगल्यावरच्या मडमेला चित्रासाठी आपलं पागोटं हवं आहे, ते घेऊन यावं, असं पत्र मुलाने, नीळकंठने, पाठवलं होतं. चित्र कुणाचं, ते मात्र लिहिलं नव्हतं. लिहायचा धीर झाला नव्हता, म्हणा ना.

आणि वामनरावांना तरी ते विचारायचं कसं सुचावं? त्यांच्या गावात देशमुखाचं पागोटं कुणाच्या हाती देऊन पाठवत नाहीत. ते बोलावलं म्हणजे त्याखालच्या माणसाला बोलावलं.

नीळकंठ शाळेत ड्रॉइंग मास्तर होता, तोही हंगामी. मडमेला आपल्या मांजरांच्या तसबिरी हव्या होत्या, पोशाख आणि टोप्या घातलेल्या. विलायतेला बहिणीकडे धाडायला. तीन तयार होऊन भिंतीला टेकल्या होत्या. एक मांजर काळ्या झग्यातला न्यायाधीश, एक तुर्की टोपीतला मुन्शी, एक नथ घातलेली नवरी. चौथं राहिलं होतं, राजाचं. ते मनासारखं उतरलं की मास्तराला कायम करा, असं ती आपल्या नवऱ्याच्या, साहेबांच्या, कानावर घालणार होती.

“बाबा, पागोटं जरा काढून द्या,” नीळकंठ म्हणाला.

“काऊन? वाकडं बसलं काय?”

“नाही. मडमेले नुसतं पागोटंच पाह्यजे.”

वामनरावांना काही उमगलं नाही. तेवढ्यात मडम तांबूस बोका कडेवर घेऊन आतून आली. बाई मनाने वाईट नव्हती. म्हाताऱ्याला बघून ती हसली आणि त्यांच्यासाठी खानसाम्याला स्टूल आणायला सांगितलं. मग म्हणाली, “मास्टर, बुढ्ढे बाबा को बोलो, टोपी उतारे.”

वामनरावांनी बोक्याकडे पाहिलं. भिंतीजवळच्या तिन्ही तसबिरींकडे पाहिलं. मग मुलाकडे. नीळकंठला बोलायचं होतं, की राहू द्या बाबा, चला, आपण घरी जाऊ. पण त्याने कुंचला रंगात बुडवला. भर दिवसा, चार माणसांत, वामनरावांनी दोन्ही हातांनी पागोटं उतरवलं. कपाळाच्या वर एक पांढरा पट्टा होता, तिथे कधी ऊन लागलंच नव्हतं. नीळकंठला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोक्याला पागोटं मोठं होत होतं. खानसाम्याने आत चिंध्या कोंबून ते बसवलं. मडमेने टाळ्या पिटल्या. नीळकंठ मान खाली घालून रंग लावत राहिला. दोन तास गेले. बोका कधी शेपटी आपटी, कधी पंजाने जरीचं टोक ओढी. वामनराव स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. सगळ्या वेळात ते एकदाच बोलले, तेही हळू आवाजात.

“मांजर लय हालून राह्यलं, नीळू. मी हाललो नसतो.”

काम झाल्यावर खानसाम्याने पागोटं आणून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला नाही. उपरणं सारखं केलं आणि उठून फाटकाकडे चालू लागले. नीळकंठ पागोटं दोन्ही हातांवर घेऊन मागे धावला.

“बाबा, तुमची तसबीर मी काढतो. रविवारी काढतो. मोठी काढतो.”

ते थांबले नाहीत.

फाटकाबाहेर निंबाखाली त्यांचा सालदार गडी कडूबा बैलांना पाणी दाखवत होता. त्याने मालकाला येताना पाहिलं आणि बादली खाली ठेवली. त्यांच्याकडे माणूस उघड्या डोक्याने रस्त्यावर चालतो, ते फक्त मसणवाट्यातून परतताना. कडूबाने घाईघाईने आपलं मुंडासं सोडलं.

“मालक,” तो घाबरून म्हणाला, “कोण गेलं जी?”

वामनराव धमणीत चढले आणि तोंड फिरवून बसले.

“नीळूले माहीत,” ते म्हणाले.

कडूबा मुंडासं छातीशी धरून नीळकंठपुढे येऊन उभा राहिला आणि कुणाचं तरी नाव ऐकायची वाट पाहू लागला. नीळकंठ पागोट्यावरचे बोक्याचे तांबूस केस एकेक करून वेचत होता.