सांबराचे वाटे

"डोक्यागणिक एक पिशवी," मुरलीधररावांनी ग्रेगच्या गराजमध्ये सुरी पुसत जाहीर केलं. "कुत्र्यालाही एक. तोसुद्धा धावलाय."

लॉकडाऊन उठताच शेजारच्या ग्रेगने डोंगरात जाऊन सांबर मारून आणलं होतं. सुपरमार्केटात माणशी खिम्याची दोनच पाकिटं मिळत होती, म्हणून तो टार्निट या परदेशी उपनगरातल्या त्या गल्लीत मटण फुकट वाटायला निघाला. फेब्रुवारीत मुलाकडे आलेले आणि विमानं बंद झाल्याने अडकलेले मुरलीधरराव त्याला आयतेच सापडले. गावच्या पारधीत चाळीस वर्षं त्यांनीच वाटे घातले होते. एकदाही भांडण नाही, हं!

त्यांच्या मुलाचा, मिहिरचा, मात्र जीव खालीवर होत होता. सांबर सोडून दुसऱ्या एका हरणाच्या शिकारीचे परवाने सोडत काढून वाटणाऱ्या सरकारी ऑफिसात तो कामाला. यंदाच्या सोडतीत ग्रेगचाही अर्ज होता. गल्लीतल्या इतरांसारखाच माणशी एक वाटा घे, असं मॅनेजरने ईमेलवर कळवलं होतं. एक पिशवी जास्त आली, तर ती लाच ठरणार आणि नोकरी जाणार.

घरी कांद्याची फोडणी पडली तशी मिहिरची बायको नुपूर मास्क चढवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"घरातसुद्धा मास्क?" मिहिर हसला. कोरोनाची किती ती धास्ती! महिन्याभरापूर्वी तिने कॉफीही सोडली होती. इम्युनिटीसाठी, म्हणे.

मुरलीधरराव आले. पिशव्या ओट्यावर ठेवल्या. मिहिरने मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"बाबा, आपण तिघं. पिशव्या चार?"

"बरोबर आहे."

"बरोबर काय? वाढपी आपला असला की पंगतीत कुठेही बसा, असंच म्हणतील लोक! ग्रेगने पाहिलं?"

"त्याच्या डोळ्यांदेखत घातली. का म्हणून विचारलंन, तर मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. असा खूश झाला गडी! हात मिळवायला आला, मग आठवलं, तेव्हा कोपराला कोपर लावलंन."

मिहिरने चौथी पिशवी उचलली. खूश होणारच तो! "परत देऊन येतो."

"थांब मिहिर," नुपूर म्हणाली. "ठेव ती."

"का ठेवू? माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

नुपूरने मास्क खाली ओढला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "बाबा, मी तर अजून कुणालाच सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?" मिहिर दोघांकडे बघत राहिला.

मुरलीधररावांनी त्याच्या हातून पिशवी अलगद काढून घेतली. "आमच्या पारधीत, बाबा रे, पोटातल्या जिवाचाही एक वाटा धरतात."