क्लास सोडण्याचं कारण

"बाई, मी उद्यापासून येणार नाही."

हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. खांद्यावरची पिशवीसुद्धा त्यांनी उतरवली नव्हती.

बाईंच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. सकाळी सातचा हा इंग्रजीचा क्लास मोठ्या माणसांचा होता, पण भरायचा बालवर्गाच्या खोलीत. इवल्याशा बाकांवर सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. सुरुवातीला चौदा जण होते, आता आठ उरले होते. आठाचे सात झाले की क्लास बंद, असं ऑफिसने गेल्याच आठवड्यात बजावलं होतं. बाईंनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही.

"का हो मावशी? काय झालं?"

"काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तुमचाही वेळ जातो, माझाही जातो."

बाई जेमतेम चोवीस-पंचविशीच्या. त्यांना वाटलं, हाताला धरून मावशींना आत आणावं, गयावया करावी. पण मावशींचा चेहरा विनवण्या ऐकणाऱ्यातला नव्हता.

"बरं," बाई म्हणाल्या. "जायचं तर जा. पण इंग्रजीच्या क्लासमधून जाताय, तर इंग्रजीत सांगून जा."

"हे बरंय!" मावशी उसळल्या. "तेवढं येत असतं तर सोडलं असतं कशाला?"

"येईल तसं सांगा."

मावशींनी पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "आय गो," त्या म्हणाल्या. "टुमॉरो नो कम."

"व्हाय?"

हा प्रश्न येईल असं मावशींना वाटलं नव्हतं. त्यांनी छताकडे पाहिलं, मग बाकांकडे. सातही जण त्यांच्याकडेच बघत होते.

"यस्टर्डे... लिफ्ट. वन मॅन. ही आस्क, व्हेअर इज लाँड्री?" मावशींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आय... मीच की हो लाँड्री! आय लाँड्री!"

"अँड व्हॉट डिड यू से?"

"नथिंग. डोअर ओपन, आय रन. फोर फ्लोअर, स्टेप, स्टेप, स्टेप. रन!" त्यांनी गुडघ्यावर हात मारला. "नाऊ पेन."

पहिल्या बाकावरच्या बसड्रायव्हरला राहवेना. "व्हाय रन? मॅन बॅड?"

"नो बॅड! गुड मॅन. हिज शर्ट..." मावशींनी हवेत एक गोल काढला. "शर्ट हॅव डाग."

"डॉग?" ड्रायव्हरचे डोळे मोठे झाले. "इन लिफ्ट?"

"डॉग नाही हो, डाग! डाग!"

सगळा वर्ग खो खो हसत सुटला. मावशी आधी चिडल्या, मग त्यांनाही हसू आवरेना. बाईंनी फळ्यावर 'स्टेन' लिहिलं.

"हां, स्टेन. टी स्टेन," मावशी म्हणाल्या आणि बोलता बोलता एक पाऊल आत आल्या. "आय सी, आय नो. फर्स्ट कोल्ड वॉटर. हॉट वॉटर नो! पीपल पुट हॉट वॉटर." त्यांनी कपाळाला हात लावला. "फिनिश. शर्ट डेड."

"ब्लड?" औषधांच्या दुकानातल्या मुलीने विचारलं.

"सेम. कोल्ड, अँड सॉल्ट. स्लो, स्लो. नो अँग्री."

"अँड दिस?" पार्लरवालीने आपला एप्रन पुढे केला. त्यावर केस रंगवायच्या रंगाचा हा एवढा काळा ओघळ होता.

मावशी तिच्या बाकापर्यंत गेल्या. कापड बोटांत धरून चोळलं, उलटं केलं, उजेडात धरलं. डॉक्टरने नाडी सोडावी तसं हळूच खाली सोडलं.

"सॉरी," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "यू बाय न्यू."

पुन्हा हशा पिकला. बाईंच्या ओठांवर तीन-चार वेळा दुरुस्ती आली होती. त्यांनी ती प्रत्येक वेळी गिळली.

हसणं ओसरल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ मावशींपुढे धरलं. सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"ट्वेंटी मिनिट्स, मावशी. ओन्ली इंग्लिश."

मावशी घड्याळाकडे बघत राहिल्या. मग बाईंकडे. मग आपण दारातून थेट खोलीच्या मध्यापर्यंत येऊन पोचलोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

"अगं बाई! फसवलंत की मला!"

"इन इंग्लिश, प्लीज."

"यू," मावशींनी बोट रोखलं. शब्द शोधला, सापडला. "यू चीट मी!"

"व्हेरी गुड!"

मावशींनी मान उडवली. "सरका जरा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "गुडघा दुखतोय म्हणून बसते. दुसरं काही नाही." पिशवी उतरवून त्यांनी पायाशी ठेवली.

बाई फळ्याकडे वळल्या. काल अर्धवट राहिलेला धडा सुरू करायचा होता. तेवढ्यात मागचा बाक करकरला.

कुलपं दुरुस्त करणारे काका उभे राहिले होते. गेल्या दोन महिन्यांत हजेरीला 'येस' म्हणण्यापलीकडे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. कुणी काही विचारलं तर ते नुसते वहीत बघायचे. आत्ता त्यांचे कान लाल झाले होते.

"टीचर," ते म्हणाले. "आय ऑल्सो लीव्ह क्लास."

मावशी वळून बघू लागल्या.

बाईंनी खडू खाली ठेवला. "व्हाय?"

काकांनी घसा खाकरला. शर्टाची वरची गुंडी लावली. मग बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

"व्हेरी लाँग, टीचर," ते म्हणाले. "यू प्लीज सिट."