दार सताड उघडं

कंपनीतला ओव्हरटाइम थांबला तसं दिपेशने घरात जाहीर केलं, महिनाभर ताजी मासळी बंद. जागृतीचं माहेर केळवे-माहीमचं, वडिलांची स्वतःची होडी. मासळीशिवाय भात तिने कसाही गिळला असता, पण सरावलीच्या चाळीत हे कळलं तर? त्यातून भिंतीपलीकडच्या सपनाला? मग रोज संध्याकाळी ती दार सताड उघडायची आणि आईने दिलेल्या सुक्या बोंबलांतला एकच काढून गॅसवर खरपूस भाजायची. चाळभर वास. तेवढ्या एका बोंबलावर नवराबायकोचं जेवण.

"वास काय फुकट वाटत बसलीस?" दिपेश चिडवायचा.

"वाटते. कळू दे त्या सपनाला, आमच्यात रोज मासळी हाय."

एका संध्याकाळी बोंबलांचा डबाच रिकामा निघाला. जागृतीने गुपचूप दार लावून घेतलं आणि नुसता वरणभात वाढला. पहिला घास घेते तोच कडी वाजली. दारात सपना, ओशाळलेली.

"वैनी, आज भाजत नाय काय? आमच्याकडं पन या महिन्यात मासळी बंद हाय. रोज तुमच्या बोंबलाच्या वासावर भात खातो आमी. पोरं कवाची ताटं घेऊन बसलीत."